दाराला कुलूप दिसले म्हणून नाव उडवू नका

प्रति,
मा. जिल्हा निवडणूक अधिकारी
आणि जिल्ह्यातल्या अठराही मतदारसंघांचे मा. मतदार नोंदणी अधिकारी,
बेळगाव.

महोदय,

पत्र मराठीत लिहिते आहे. कन्नड मला लिहिता-वाचता येते, नोकरीत त्याची परीक्षाही दिली होती. पण ज्यांच्यासाठी हे लिहिते आहे त्यांना ते वाचता यावे म्हणून मराठी. घटनेच्या ३५० व्या कलमाने गाऱ्हाणे मांडायला तेवढी मुभा दिलेली आहे. तुमच्या शिक्क्यावर २०१४ पासून ‘बेळगावी’ आहे, आमच्या तोंडात अजून बेळगावच बसले आहे, तेवढेही चालवून घ्यावे.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. तालुक्याच्या पश्चिम भागात मराठी शाळांतून नोकरी झाली आणि त्यातली काही वर्षे मी बीएलओ, म्हणजे एका मतदान केंद्राची मतदार यादी सांभाळणारी कर्मचारी, होते. म्हणजे यादीत नावे घालायची आणि यादीतून काढायची, दोन्ही कामे या हातांनी केली आहेत. तेव्हा तक्रारीआधी माझी कबुली ऐका.

एका वर्षी नोव्हेंबरात फेरतपासणीचे काम आले. आमच्याकडे नोव्हेंबर म्हणजे भाताची सुगी. दुपारी गावात कुत्री आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसे, बाकी सगळे शिवारात. शाळा सुटल्यावर साडेपाचला मी निघायची आणि दिवे लागायच्या आत चार-पाच घरे व्हायची. एका घराला तीनदा कुलूप मिळाले. तिसऱ्यांदा शेजारीण म्हणाली, “ती गोव्याला गेल्याय लेकीकडं.” कधी येणार, ते मी विचारले नाही. मला घरी जाऊन भाकऱ्या करायच्या होत्या आणि यादी शनिवारी द्यायची होती. कागदावर ‘स्थलांतरित’ असा शेरा मारला. पुढे छापील नोटीस आली, तीही मीच दाराच्या फटीत खोचली. सही घ्यायला समोर कोणी नव्हतेच.

ती बाई लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. पावणेदोन महिन्यांनी परत आली, नेहमीसारखी राहू लागली, रेशन आणू लागली. मतदानादिवशी ओळखपत्र पदराच्या गाठीला बांधून सकाळी सातलाच रांगेत उभी. यादीत नाव नाही. मी केंद्राबाहेर चिठ्ठ्या वाटत होते. माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाई ओ, मी हाय की हितंच. कुठं गेलो मी?”

काय सांगणार? उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की यादीत नाव घालता येत नाही, हे मला माहीत होते. नुसते ओळखपत्र असून उपयोग नाही, यादीत नाव लागते, हेही मला माहीत होते. ती माघारी गेली. पुढच्या वर्षी फॉर्म ६ भरून नाव परत घातले, पण ते मत गेले ते गेलेच. त्या निवडणुकीत कोण किती मतांनी आले ते आज आठवत नाही. तिचा प्रश्न आठवतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २० सांगते की माणूस काही काळ घर सोडून गेला एवढ्यावरून तो तिथला सामान्य रहिवासी उरत नाही असे नाही. कलम २२ सांगते की मृत्यू सोडून इतर कारणाने नाव काढायचे असेल तर आधी त्या माणसाला म्हणणे मांडायची वाजवी संधी द्या. १९९५ साली लालबाबू हुसेन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच्याही पुढे जाऊन सांगितले. तो खटला मुंबई आणि दिल्लीतल्या मतदारांचा होता. ज्यांची नावे आधीच यादीत होती त्यांना नागरिकत्वाचे पुरावे मागणाऱ्या नोटिसा गेल्या होत्या. न्यायालय म्हणाले, यादीत नाव आहे म्हणजे पूर्वी कोणीतरी तपासूनच घातले असणार, हे गृहीत धरा. शंका असेल तर तिचे कारण आणि हाताशी असलेला कागद त्या माणसाला दाखवा. दाराच्या फटीत खोचलेला कागद ही ‘संधी’ कशी होते, हे मी स्वतःला आजवर पटवू शकलेले नाही.

हे आता का लिहिते आहे, तर बिहारचे आकडे पाहून. जून २०२५ मध्ये तिथे विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली तेव्हा यादीत सुमारे ७.८९ कोटी नावे होती. १ ऑगस्टच्या मसुदा यादीत ७.२४ कोटी राहिली. गळालेल्या ६५ लाखांची आयोगाने दिलेली फोड अशी: मृत साधारण २२ लाख, दोन ठिकाणी नावे असलेले ७ लाख, आणि कायमचे स्थलांतरित किंवा न सापडलेले ३६ लाख. निम्म्याहून जास्त त्या शेवटच्या खणात. माझी बाई याच खणात गेली असती. ३६ लाखांत खरोखर गाव सोडून गेलेले पुष्कळ असतील, मी नाही म्हणत नाही. पण ‘न सापडलेले’ या शब्दाच्या आत किती कुलपे आणि घरी जाऊन भाकऱ्या करायची घाई असलेल्या किती बाया असतील, हे फक्त बीएलओलाच कळते. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर ही ६५ लाख नावे कारणांसह प्रसिद्ध झाली. तोपर्यंत आपले नाव का गेले हे त्या माणसांनी कुणाला विचारायचे होते?

दुसऱ्या टप्प्यात १२ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश आले. कर्नाटक त्यात नव्हते, पण शेजारचा गोवा होता. आमच्या खानापूर तालुक्यातली निम्मी तरणी पोरे गोव्याला, बाकीची पुणे-मुंबईला. कोणी हॉटेलात, कोणी गवंडीकामाला, कोणी ड्रायव्हर. काहींनी नाव तिकडे नेले, बहुतेकांनी नाही, कारण गणपतीला आणि मतदानाला माणूस गावी येतो. गोव्यातला भाडेकरू म्हणून तिकडे नाव नको आणि गावात सापडत नाही म्हणून इकडे नाव नको, असे झाले तर या माणसाने मत द्यायचे कुठे?

आणि नुसते गोव्याचे नाही. निपाणी-चिकोडीकडची कुटुंबे उसाच्या हंगामात फडावर असतात. मार्गशीर्षातल्या पुनवेला अर्धे गाव सौंदत्तीच्या यल्लम्माला गेलेले असते. भीमगडच्या जंगलातल्या गवाळी, पास्टोली, कोंगळा या वस्त्यांवर पावसाळ्यात जायचे म्हणजे नाल्याला पाणी किती हे आधी विचारून निघावे लागते. कॅलेंडर बघून फेरतपासणी लावणाऱ्याने हे कॅलेंडरही एकदा बघावे.

आता नावांकडे येते. बिहारनंतरच्या टप्प्यात २००२ ते २००४ च्या जुन्या यादीशी आजचा मतदार जुळवायचा, अशी पद्धत आली. पश्चिम बंगालात या जुळवणीतून ‘तार्किक विसंगती’ हा शब्द निघाला. नावाचे स्पेलिंग वेगळे, वडिलांचे नाव वेगळे, बाप-लेकाच्या वयातले अंतर विचित्र, असल्या कारणांनी लोकांना सुनावणीला बोलावणी गेली. तो शब्द ऐकला तेव्हा मला शाळेचे जनरल रजिस्टर आठवले.

आमच्या भागातल्या माणसाचे नाव किती घाटांचे पाणी पिऊन येते ते पाहा. घरात ज्ञानेश्वर. मराठी शाळेच्या दाखल्यावर ज्ञानेश्वर, त्याचे इंग्रजी ‘डी’ने सुरू. कन्नड यादीतून इंग्रजी झाले की तेच नाव ‘जे’ने, कुठे ‘जी’ने सुरू. संगणकाला ही दोन माणसे. सुनीता, सविता, लता, गीता यांच्या ‘त’ला दक्षिणेकडच्या रिवाजाने एक ‘एच’ जास्त चिकटतो, म्हणून पॅनवर एक आणि यादीत दुसरी. परशरामाचा कुठे परशुराम होतो, विठ्ठलातला ‘ठ’ हलका होतो, लक्ष्मणाचे ‘एक्स’ जाऊन ‘केएसएच’ येते. यल्लाप्पाचा येल्लप्पा होतो तेव्हा तर कोणाच्या लक्षातही येत नाही. आमच्या गल्लीतल्या सय्यदांच्या घरात तीन भावांची आडनावे तीन स्पेलिंगांत आहेत आणि तिघांचा बाप एकच. त्यातल्या धाकट्याने मला विचारले होते, “टीचर, यातला खरा सय्यद कोण?” मी म्हटले, ज्याला नोटीस येईल तो.

विनोद झाला, पण यात गंभीर गोष्ट ही की यातली एकही चूक मतदाराने केलेली नाही. मराठी नाव कन्नडमध्ये कोणी आणले? त्याचे इंग्रजी कोणी केले? आमच्यासारख्या कर्मचाऱ्यांनी आणि तुमच्या डेटा एंट्री ऑपरेटरांनी. मग पुरावा घेऊन रोजगार बुडवून कचेरीत यायचे कोणी? त्यानेच.

बायकांचे दुखणे आणखी खोल आहे. आमच्यात अजूनही पुष्कळ घरांत लग्नात नवरीचे नावच बदलतात, नुसते आडनाव नाही. तांदळात अंगठीने नवे नाव लिहितात, सगळ्यांना पेढे वाटतात आणि त्या दिवसापासून माहेरची लक्ष्मी सासरची सुनंदा होते. त्यातून आमच्या सोयरिकी चंदगड, आजरा, गडहिंग्लजच्या. कुद्रेमानीहून शिनोळीला चालत जाता येते, मध्ये कुठेतरी राज्य बदलते, एवढेच. आता अशा सुनंदाने जुन्या यादीत आईबापांचे नाव दाखवायचे तर ती यादी महाराष्ट्राची, तिच्यात ती कोणाची तरी लक्ष्मी, आणि दाखला मागायला जायचे तर नवरा म्हणतो कामाचा दिवस आहे. एका भागात अशा किती बाया असतील? माझ्या भागात मी मोजल्या नव्हत्या, पण अंगणवाडीच्या बाईंना विचारले असते तर त्यांनी चहा थंड व्हायच्या आत बोटांवर सांगितले असते. त्यांना विचारायची पद्धत नाही.

काटा दोन्हीकडे असतो, म्हणून आमच्या बाजूचेही बोलते. इकडे एक आणि तिकडे एक अशी दोन नावे ठेवणारे सीमेवर आहेत. “असू दे की, काय बिघडतंय,” असे म्हणून ठेवतात. कलम १७ ला ते मंजूर नाही, आणि खोटे प्रतिज्ञापन दिले तर कलम ३१ खाली वर्षभराची कैद होऊ शकते. आणि मेलेल्या माणसाचे नाव काढायला आम्ही नाखूश असतो. आमच्या एका काकूंनी मला काकांचे नाव काढू दिले नव्हते. म्हणाल्या, “एवढ्या एका ठिकाणी तरी त्यांचं नाव हाय, ऱ्हाऊ दे.” मी दोन वर्षे राहू दिले. ते चुकलेच माझे. यादी झाडून काढलीच पाहिजे, त्यात वाद नाही. केर काढताना सुपातले दाणे उकिरड्यावर जाऊ नयेत एवढेच म्हणणे आहे.

आमची माणसे यात लगेच कट बघतात. मराठी माणसाची नावे मुद्दाम उडवतात, म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार पडतात, असे पारावर दर निवडणुकीनंतर ऐकते. २०१३ ला दोन आमदार होते, २०१८ ला आणि २०२३ ला एकही नाही. त्याचे कारण यादीत शोधणाऱ्यांनी आधी २०१८ ला समितीच्याच गटांनी एकमेकांसमोर उभे केलेले उमेदवार मोजावेत. पण यादीच्या कामात समितीचा माणूस लंगडा असतो, हे मात्र खरे आहे, आणि ते कोणी बोलत नाही. बूथ पातळीवरचा एजंट, ज्याला बीएलए म्हणतात, नेमायचा हक्क मान्यताप्राप्त पक्षांना आहे. यादीच्या फुकट प्रतीही त्यांनाच मिळतात. समिती मान्यताप्राप्त पक्ष नाही, तिचे उमेदवार अपक्ष म्हणून लढतात. म्हणजे घरोघरी बीएलओबरोबर फिरून “अहो, ही गोव्याला गेलीय, येणार हाय,” असे सांगणारा अधिकृत माणूस मोठ्या पक्षांचा असतो, आणि त्याला ती बाई कोणाला मत देते हे चांगले माहीत असते. पुढचे मी लिहीत नाही.

फॉर्म ७ बद्दल मात्र लिहिते. दुसऱ्याचे नाव काढा असा अर्ज त्यावर करता येतो. आपल्याच राज्यात, कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदला, २०२३ च्या निवडणुकीआधी असे ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. तपासले तेव्हा २४ खरे निघाले, ५,९९४ चुकीचे. ज्यांच्या नावाने अर्ज केले होते त्यांना पत्ताही नव्हता. फेब्रुवारीत गुन्हा दाखल झाला. आयोगाचे म्हणणे असे की ती नावे उडवायचा प्रयत्न फसला, म्हणजे यंत्रणा चालली. मान्य. पण ती कशी चालली? नात्यातल्याच माणसाचे नाव काढायचा अर्ज एका बीएलओच्या पुढ्यात आला आणि तिला शंका आली, असे तिथले लोकप्रतिनिधी सांगतात. ती गावचीच होती म्हणून. ती बदलीवर आलेली, गल्ल्या न ओळखणारी आणि लोकांची भाषा न कळणारी असती, तर?

म्हणून भाषेचा मुद्दा. याद्या कोणत्या भाषेत वा भाषांत काढायच्या हे आयोगाने ठरवायचे, असे १९६० च्या नोंदणी नियमांतच आहे. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत द्याव्यात, हे तर केंद्राने १९५६ मध्येच लिहून ठेवले. ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तेव्हाचे बेळगावही असेल. यादीचे राहू द्या. घरी येणारी नोटीस, जिच्यावर म्हणणे मांडायची संधी टांगलेली असते, ती एकट्या कन्नडमध्ये असेल तर माझ्या त्या बाईला ती आणि विजेच्या बिलाचा कागद यात फरक कळत नाही. ही कन्नडला विरोध करायची गोष्ट नाही. जत आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या कन्नड बोलणाऱ्या म्हातारीला महाराष्ट्राने नुसती मराठी नोटीस धाडली तर मी तिकडच्या कलेक्टरांनाही हेच पत्र पाठवीन.

तेव्हा मागणे थोडके आहे. ‘गैरहजर’ किंवा ‘स्थलांतरित’ असा शेरा मारायच्या आधी बीएलओने एकदा तरी रात्री आठनंतर किंवा रविवारी जावे आणि दोन शेजाऱ्यांची सही घ्यावी. माणूस कधी येणार हा रकाना त्या कागदावर असावा. माझ्या वेळी तो असता तर मी विचारले असते. बीएलओचे मानधन वर्षाला ६,००० होते, २०२५ मध्ये आयोगाने ते १२,००० केले. बरे झाले, पण शाळा सांभाळून हजार-बाराशे मतदार पाहायचे तर वेळही द्या. नावे काढायच्या अर्जांची यादी पंचायतीच्या काचेआड कन्नडमध्ये लावून थांबू नका, गावात डंगोरा पिटवा आणि देवळाच्या स्पीकरवरून नावे वाचा. आमच्याकडे म्हैस हरवली तरी स्पीकरवर सांगतात. स्पेलिंग जुळत नसेल तर मतदाराला बोलावू नका. बीएलओलाच त्याच्या घरी पाठवून, जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवून, तिथेच दुरुस्तीचा फॉर्म ८ भरून घ्या. शिवाय बीएलए नसलेल्या संघटनेच्या, बचत गटाच्या किंवा पंच कमिटीच्या एकदोन माणसांना बीएलओबरोबर फिरायची मुभा द्या. त्याला बहुधा कायदाही बदलावा लागणार नाही, तुमचे एक पत्र पुरेल.

पत्रासोबत एक कागद जोडला आहे. नाव काढायच्या आधीच्या नोटिशीचा मराठी मजकूर, नऊ ओळींचा. कन्नड नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तो मावतो, मी झेरॉक्स काढून पाहिले आहे. त्याखाली, पुढे-मागे कोणाला लावून बघायचा असेल म्हणून, तोच मजकूर माझ्या हाताने कन्नडमध्येही लिहिला आहे. त्यात र्‍हस्व-दीर्घ चुकले असेल तर लाल शाईने खूण करून परत पाठवावे, दुरुस्त करून देईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका आणि माजी बीएलओ,
बेळगाव तालुका, पश्चिम भाग